मी म्हणालो, पित्त आहे

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असं कोणी विचारलं तर सांगतो, नारळ निवडले. देवळात गेलो नाही, गोड काही बोललो नाही. मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर घरापुढच्या खळ्यात पोतं पसरून बसलो आणि नारळ निवडले.

माझा धंदा माडावर चढायचा. पाडेली म्हणतात आमच्याकडे. मालवणच्या या किनाऱ्यावर चाळीस वर्षं लोकांचे माड चढलो, नारळ पाडले, सोलले. आता गुडघे गेले. घरचे सात माड आहेत, ते दुसरा कोणी पाडून देतो. निवडायचं काम तेवढं आमचं. नारळ कानाजवळ धरून हलवायचा. पाणी खळखळलं तर चांगला. कमी वाजला तर जुना. अजिबात वाजला नाही तर एक तर आतून खराब झालेला, नाहीतर आत मोड धरलेला. हे माझ्या कानाचं काम. पण दोन वर्षांपूर्वी उजवा कान गेला आणि डावा अर्धा राहिला. तेव्हापासून मी हलवायचो आणि ती ऐकायची. मी नारळ तिच्या कानाशी धरायचा, ती सांगेल त्या ढिगात टाकायचा.

"हो वाजणा नाय," ती म्हणाली.

"नीट आयक."

"माका आयकाक येता. कान तुमचो गेलो, माझो नाय. मोड इलो आसतलो. फोडा."

फोडला. तिचंच बरोबर. वरून कोंब दिसत नव्हता, पण आत पांढरा गोळा धरला होता, स्पंजासारखा, लिंबाएवढा. पाणी दोन घोट. हा गोळा गोड लागतो, आम्हा दोघांनाही आवडायचा. तिने अर्धा मोडून मला दिला, अर्धा तोंडात टाकला आणि चावता चावता दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"काय गो?"

"काय नाय. पित्त."

फडकं घट्ट बांधलं डोक्याला आणि पुढचा नारळ ऐकायला कान पुढे केला. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीत इंजेक्शन द्यायचं होतं.

इंजेक्शन होतं कंबरेसाठी. वर्षभर तिची कंबर धरली होती. विहिरीच्या पायरीवरून घसरली तेव्हापासून डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जायची. चुलीपुढे बसली की उठता येत नसे, मला हात द्यावा लागायचा. तेल झालं, लेप झाला, शेक झाला. शेवटी तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरने मोठ्या मशिनीत घालून कंबरेचा फोटो काढायला लावला. मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे म्हणाला. ऑपरेशन नको असेल तर पाठीच्या कण्यात सुईने औषध सोडतो. एपिड्यूरल म्हणतात त्याला. बऱ्याच जणांना आराम पडतो.

डॉक्टर तरुण. फोंडाघाट चढून वर गेलं की त्याचा मुलूख. बोलणं शुद्ध. तिला तो आवडला होता. "पोरगो बरो आसा," बाहेर आल्यावर म्हणाली, "हात ऊन आसत तेचे."

आता पित्ताचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं आहे.

इंजेक्शनच्या आधी चारेक महिने तिला पित्त सुरू झालं होतं. आमच्याकडे पित्त कोणाला नसतं? सकाळी उठली की डोकं जड. माझा चहा व्हायच्या आत मागच्या दारी जाऊन ओकायची. ओकून झालं की चूळ भरून यायची आणि म्हणायची, "पडला पित्त. आता बरा वाटता." खरंच बरं वाटायचं तिला. तासाभराने कामाला लागायची. मग कोकमाच्या सोलांचं पाणी, कपाळाला सुंठ. सुंठीचा वास घरात कायमचा बसला होता.

"रोज रोज खयसून येता गो एवढा पित्त?" मी थट्टा करायचो. "गावाक वाटलंस तरी उरतला."

"तुमच्याबरोबर रवान रवान झाला," ती म्हणायची.

आणखी एक होतं. ती डाव्या बाजूला आपटायला लागली होती. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. डाव्या हाताशी ठेवलेला तांब्या तिला दिसायचा नाही, लवंडायचा. मी ओरडायचो, डोळे खंय आसत तुझे म्हणून. म्हातारपण, मोतीबिंदू, असं काहीतरी मनात धरलं. कंबरेचा फोटो काढला. डोक्याचा फोटो पित्तासाठी कोण काढतो?

इंजेक्शन ठरवायला गेलो तेव्हा डॉक्टरने समोर कागद घेतला आणि एकेक विचारायला लागला. साखर? नाही. रक्त पातळ व्हायची गोळी? नाही. मग तिच्याकडे बघून विचारलं, "आजी, डोकेदुखी, चक्कर, फिट, असं काही?"

तिने माझ्याकडे बघितलं.

हे समजायला आमची एक रीत सांगायला हवी. घराबाहेर मी बोलायचो. घरात तिची जीभ माझ्या दुप्पट चालायची, पण कचेरीत, दवाखान्यात गेलं की ती गप्प. लग्नानंतर थोड्याच वर्षांत रेशनकार्डासाठी कचेरीत गेलो होतो. ती काहीतरी बोलली आणि तिथला कारकून हसून म्हणाला, "बाई, मराठीत बोला." बाजूची दोन माणसंही हसली. मीही हसलो, ते तिने बघितलं. तेव्हापासून साहेब माणसापुढे ती तोंड उघडत नसे. माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचो. तिला कुठे दुखतं ते मी सांगायचो, किती खाते ते मी सांगायचो. मला त्याचं काही वाटत नसे. उलट बरं वाटायचं, आपल्याला चार शब्द शुद्ध येतात म्हणून.

तर मी म्हणालो, "डोक्याचं काही नाही साहेब. पित्त आहे जरा."

डॉक्टरने लिहिलं. तिने टेबलाखालून माझं कोपर ओढलं. मला वाटलं लघवीला जायचं असेल. "थांब गो, झालाच," म्हणालो.

परत येताना एसटीत ती म्हणाली, "तुमी डोक्याचा सांगूक नाय."

"पित्ताचा काय सांगतलंय? कंबरेक इलो आमी."

"तेना विचारल्यान होता."

"मगे तू सांगूचा होता."

यावर ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी डुलकी काढली.

बुधवारी सकाळी ती आपल्या पायांनी चालत आत गेली. नवं लुगडं नेसली होती, डॉक्टर पाठ बघणार म्हणून. मी बाहेर बाकावर. पंधरा मिनिटांचं काम, असं नर्स म्हणाली होती. दहा मिनिटं झाली असतील. आतून तिचा आवाज आला, मोठ्याने. मला अर्ध्या कानाने ऐकू आला म्हणजे केवढा असेल. "ओ, माझा कपाळ फुटता!" साहेब माणसासमोर, आपल्या बोलीत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी दार ढकललं. ती पालथी होती, तिला कुशीवर करत होते. ओकली. डॉक्टर हाका मारत होता, "आजी, आजी, माझ्याकडे बघा." तिचा एक डोळा उघडा, बुबूळ मोठं काळं झालेलं. मी हाक मारली, ती काही केल्या ओ देईना.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर गाडीत बसला, पूर्ण वाट तिच्या तोंडावर धरलेली हवेची पिशवी दाबत होता. हेही लिहून ठेवतो, कारण पुढे लोक काय काय बोलले. गोव्यात डोक्याचा फोटो निघाला. उजव्या बाजूला मागे गाठ होती. लिंबाएवढी, असं तिथली डॉक्टरीण म्हणाली. नेमका हाच शब्द.

गुरुवारी दुपारी तो तरुण डॉक्टर परत आला. दाढी वाढलेली, शर्ट आदल्या दिवशीचाच. बाकावर माझ्या उजव्या बाजूला बसला. मी त्याला डावीकडे यायला सांगितलं, कानासाठी. त्याने खिशातून कागद काढून चित्र काढलं. वर गोल, खाली लांब पिशवी, कंबरेपर्यंत.

"आजोबा, मेंदू पाण्यात असतो," तो म्हणाला. "तेच पाणी पाठीच्या कण्यातून खाली कंबरेपर्यंत येतं. पिशवी एकच आहे. आम्ही औषध सोडतो ते पिशवीच्या बाहेर, कण्याच्या आत. तिथे तेवढं औषध शिरलं की पिशवी दाबली जाते आणि पाणी वर सरकतं. कवटीतला दाब वाढतो."

"सगळ्यांचा?"

"थोडा वेळ वाढू शकतो. आम्ही हळूहळू सोडतो, शरीर जुळवून घेतं. डोकं जरा जड वाटतं, मग उतरतं. बहुतेकांना तर कळतही नाही. पण कवटीत आधीच गाठ असेल तर वर जागाच उरलेली नसते. दाब आधीच वाढलेला असतो. त्यात आणखी पाणी वर गेलं, तर मेंदू जागा मिळेल तिकडे घुसतो. खाली, मानेच्या भोकाकडे. श्वास तिथूनच चालतो."

मी म्हणालो, "नारळ."

त्याला कळलं नाही.

"मोड धरलेला नारळ. गोळा वाढतो, पण करवंटी वाढत नाही."

त्याने कागदावरच्या गोलात एक छोटा गोळा काढला. मग म्हणाला, "हो. तसंच." आणि मग हळूच, माझ्याकडे न बघता, "म्हणूनच आम्ही आधी डोक्याचं विचारतो, आजोबा."

तुम्ही नाही म्हणालात, असं तो बोलला नाही. बोलला असता तर मी भांडलो असतो. तो बोलला नाही, म्हणून भांडायला जागा राहिली नाही.

शुक्रवारी सकाळी ती गेली. दुपार टळल्यावर घरी आणली आणि उजेड आहे तोवर समुद्राच्या बाजूला नेऊन सगळं उरकलं. बाकीचं लिहिता येत नाही.

परत येऊन माणसं खळ्यात बसली. मंगळवारचे नारळ तसेच पडले होते, दोन ढीग आणि मधे न निवडलेले. कोणीतरी ते पायाने बाजूला सारून बसायला जागा केली. माझ्या भावाचा मुलगा पुढे होता. त्याचं बाजारात झेरॉक्सचं दुकान आहे, अर्ज लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

"काका, ह्या घाट्याक सोडूचो नाय," तो म्हणाला. "धडधाकट बाय चलत गेली आणि उचलून आणूची लागली. तक्रार घालूया. दवाखानो बंद करूया तेचो. तुमी फक्त सही करा."

दोघे-चौघे हो हो म्हणाले. कोणी म्हणालं, पोरसवदा डॉक्टर, कुठेतरी भलतीकडे सुई घातली असणार. मी खाली बघत होतो. मला ते ऐकून बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? एवढी माणसं दुसऱ्याचं नाव घेत होती.

माझी मुलगी देवगडकडे दिली आहे. ती दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिने आईचं विचारलं, "बाबा, आवस माका फोनवर सांगी कपाळ दुखता म्हणान. डॉक्टरान तिका डोक्याचा विचारूक नाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाय," मी म्हणालो.

तेवढंच बोललो. पुतण्याने लगेच ते कागदावर घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. इंजेक्शन देण्यापूर्वी संबंधित डॉक्टरांनी रुग्णास डोकेदुखीबाबत कोणतीही विचारणा केली नाही. वाक्य झकास होतं. खाली माझ्या नावापुढे सहीची जागा सोडली होती. मी म्हणालो, "हात थरथरता. उद्या करतंय."

"सकाळी नक्की हां, काका. मी स्वतः नेऊन देतलंय."

कागद मी सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्या सहीवर एका माणसाचा दवाखाना अवलंबून होता, ते मला कळत होतं. पण मला जास्त भीती दुसरीच होती. मी सही केली नाही तर का नाही ते सांगावं लागणार. आणि ते मुलीला सांगावं लागणार. आई गेली, आता तिला मी एकटा उरलो, आणि मी असा.

सकाळी शेजारून काळा चहा आला. मुलगी मागच्या दारी बसली होती, जिथे तिची आई ओकायला बसायची. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"काल मी खोटा बोललंय," मी म्हणालो. "डॉक्टरान विचारल्यान होता. मी नाय म्हटलंय. पित्त म्हटलंय."

ती बघत राहिली. "आणि आवस? तिना काय सांगल्यान?"

"तिका मी बोलाक दिलंय खंय?"

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "ह्या माका आता कित्या सांगतास?"

"तुका सांगल्याशिवाय डॉक्टराक कसा जावन सांगू?"

तिने तोंड फिरवलं. जा म्हणाली नाही, जाऊ नका म्हणाली नाही. मी चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या. खळ्यात पुतण्या भेटला, आंघोळ करून तयार. "काका, सुतकात खंय निघालास? लोकांच्या घरात शिवाशिव करतलास?"

"दवाखान्यात जातंय."

"कित्याक? सही हयच करा."

मी चालत राहिलो. मागून तो काय ओरडला ते माझ्या कानाला लागलं नाही. कान गेल्याचा एवढा एक फायदा.

दवाखान्याच्या दारात मला बघून नर्स आत पळाली. डॉक्टर बाहेर आला, मागे दोन माणसं घेऊन. मी मारायला आलो असं वाटलं असेल. मी खिशातला कागद काढून त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने वाचला. चेहरा उतरला.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "तुम्ही विचारलं होतं. मी नाही म्हणालो. तिचं डोकं चार महिने दुखत होतं, रोज सकाळी ओकत होती. ते लिहून घ्या, मी सही करतो."

तो खुर्चीत बसला. कपाटातून तिचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. इंग्रजीत होता. एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"ॲसिडिटी."

"म्हणजे?"

"पित्त. छातीत जळजळ, आंबट ढेकर." तो थांबला. "तुम्ही पित्त म्हणालात, मी हे लिहिलं. आणि एक गोळी लिहून दिली."

"आमच्याकडे कपाळ दुखून ओकारी झाली की त्याला पित्त म्हणतात."

"मला माहीत नव्हतं. मी पुढे विचारायला हवं होतं. पित्त म्हणजे काय होतं, एवढं एकच."

त्याने माझं सांगणं लिहून घेतलं. मी सही केली. हात थरथरत नव्हता. पुतण्याचा कागद फाडला नाही, तिथेच ठेवून आलो. डॉक्टर दारापर्यंत आला. मी म्हणालो, "डोकं दुखतं का म्हणून विचारू नका इथल्या माणसाला. पित्त आहे का म्हणून विचारा. आणि बाईला विचारा. घोवाला, म्हणजे नवऱ्याला, बाहेर बसवा."

तो मान हलवत राहिला. मला त्याला धीर द्यायचा नव्हता, आणि त्यालाही मला काही द्यायचं नव्हतं. मी निघालो.

बाहेरच्या बाकावर, मी बुधवारी बसलो होतो तिथेच, एक म्हातारा-म्हातारी बसली होती. नर्स कागद घेऊन उभी. "काय त्रास होतो, काकू?"

"हिचो गुडघो," म्हातारा म्हणाला. "जेवण बरा जेवता. झोप येता."

"तिका बोलाक दी रे," मी म्हणालो.

त्याने वर बघितलं. "तू कोण रे?"

मी म्हातारीकडे हात केला. नर्स थांबली होती. म्हातारीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नर्सकडे, आणि मग मान वळवून त्याच्याकडे बघत बसली, तो काय सांगतो त्याची वाट बघत.